नवी पिशवी येईपर्यंत

आमच्या घरात सगळं काही एका गोष्टीसाठी अडून बसलेलं असतं. पुढच्या खोलीतल्या सोफ्याची स्प्रिंग वर आली आहे, पाहुणा बसला की किंचाळते. पण नवा सोफा घ्यायचा तो नवी पिशवी आली की. आईला एकदा समुद्र बघायचा आहे, तोही नवी पिशवी आली की. आणि माझं म्हणाल तर माझं सगळंच, म्हणजे स्वयंपाक सोडून, नवी पिशवी आली की.

पिशवी म्हणजे लघवीची पिशवी. माझीच.

त्याचं असं आहे, की मी जन्मले तेव्हा माझ्या पाठीच्या कण्याचं खालचं टोक नीट मिटलेलंच नव्हतं. डॉक्टरांनी ते शिवून टाकलं, पण तिथून निघणाऱ्या नसा बिघडल्या त्या बिघडल्याच. म्हणून पायात कॅलिपर, हातात काठी. आणि मेंदूने पाठवलेला निरोप पिशवीपर्यंत पोचत नाही, म्हणून ती आपणहून रिकामी होत नाही. तिला दर चार तासांनी नळी घालून रिकामी करावी लागते. हे मी शाळेत असल्यापासून स्वतःचं स्वतः करते. लोक जसे दात घासतात तसं. आता मला तिशी लागली, म्हणजे अनुभव दांडगा आहे.

पण माझ्या बाबांच्या मते ही सगळी तात्पुरती सोय आहे.

बाबा बॅगा शिवतात. घराच्या खालीच दुकान आहे. प्रवासाच्या बॅगा, सुताराच्या हत्यारांच्या, वाजवणाऱ्यांच्या वाद्यांच्या, सगळ्या. त्यांची बॅग माणसाला पुरून उरते असा लौकिक आहे. एकदा एक नवरदेव आला आणि म्हणाला, साधीशीच द्या, एका सहलीपुरती. बाबांनी त्याला दारातून परत पाठवलं. म्हणाले, "एका सहलीपुरती बॅग मला येत नाही. आणि एका सहलीपुरतं लग्न करत असशील तर आधी मुलीच्या घरी जाऊन सांग."

तर मी शाळेत असताना वर्तमानपत्रात एक बातमी आली होती. कुठल्याशा प्रयोगशाळेत माणसाच्या पेशी घेऊन, त्या साच्यावर वाढवून, नवी लघवीची पिशवी तयार करण्याचं काम चाललंय, अशी. बाबांनी ती कापून शिलाई मशीनच्या वर चिकटवली. आता ती चहाच्या रंगाची झाली आहे. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला बाबा ती दाखवतात. "पिशवी म्हणजे शेवटी काय," ते म्हणतात, "दोन पाखं आणि एक तोंड. मला शिकायला वेळ लागला, कारण उस्ताद खडूस होता. ही तर शिकलेली माणसं आहेत. जमणारच त्यांना."

आणि म्हणूनच, साऱ्या गावाच्या खांद्यावर बाबांच्या बॅगा असताना, माझ्या नळ्या राहतात बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात. झाकणावर मांजराची दोन पिल्लं आहेत. एका पिल्लाचं तोंड आता पार घासून गेलं आहे. मी कॉलेजात असताना एकदा म्हटलं होतं, बाबा, ह्या नळ्यांना एक छोटी बॅग करून द्या ना. बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्याला कशाला बॅग? थोड्या दिवसांचा तर प्रश्न आहे." मी पुन्हा विचारलं नाही. बाबांना थोड्या दिवसांची बॅग शिवता येत नाही, आणि नळ्यांसाठी जन्माची शिवायची त्यांची तयारी नाही, एवढं मला कळलं होतं.

डब्याचे तोटे म्हणजे तो वाजतो, आणि लोकांना भूक लागते. मी दातांच्या लॅबमध्ये काम करते, कवळ्या आणि कॅप बनवते. तिथल्या पॉलिशवाल्याने एका दुपारी चहाचा कप हातात घेऊन, मला न विचारता, माझा डबा उघडला. तेव्हापासून तो माझ्याकडे पेनसुद्धा मागत नाही.

शिवाय बाबांचा फोन असतो. दर चार तासांनी, न चुकता. दोनच शब्द, "झालं का?" लॅबमधल्यांना वाटतं, माझे वडील कवळ्यांच्या ऑर्डरची फार काळजी करतात.

हे सगळं सांगायचं कारण, की त्या महिन्यात माझ्यापुढे एक गोष्ट आली होती. दुसऱ्या शहरातल्या मोठ्या लॅबच्या मालकीणबाईंनी मी केलेली एक कवळी कुणाच्या तरी तोंडात पाहिली होती. म्हणे तो माणूस हसला, आणि त्यांनी त्याला विचारलं, हे दात कुणी केले? मग त्यांनी मलाच फोन केला. कवळ्यांच्या विभागाची प्रमुख म्हणून या, राहायला लॅबच्या मागेच खोली आहे, तळमजल्यावर. महिनाअखेरपर्यंत कळवा, नाहीतर दुसऱ्या कुणालातरी विचारते. मला ते काम हवं होतं. इतकं हवं होतं, की दोन रात्री झोपेत मी दाढा कोरत होते.

मी घरी सांगितलं. आईचा चेहरा आधी फुलला आणि मग तिने बाबांकडे पाहिलं. बाबा म्हणाले, "छान. जा ना. नवी पिशवी आली की जा."

"बाबा, महिनाअखेर आहे."

"मग त्यांना सांग थोडं थांबायला. परक्या गावात, परक्या बाथरूममध्ये, त्या नळीचं तू काय करणार? काही इन्फेक्शन झालं, ताप भरला, तर कोण आहे तिथे?"

"इथे ताप भरतो तेव्हा तरी मीच गोळी घेते."

"पण मी विचारतो ना, झालं का म्हणून!" बाबा म्हणाले, आणि हे त्यांना इतकं बिनतोड वाटलं की ते खाली दुकानात निघून गेले.

अशात आमच्या मंडळाच्या अध्यक्षीणबाईंचा फोन आला. पाठीच्या कण्याचा आजार असलेल्या मुलांच्या घरच्यांचं एक मंडळ आहे. वीस-पंचवीस कुटुंबं असतील. बाई म्हणाल्या, ज्या प्रयोगशाळेत अवयव वाढवतात तिथल्या एक शास्त्रज्ञबाई पुढच्या सभेला येणार आहेत. प्रश्न काढून ठेवा.

घरात जे काही झालं ते विचारू नका. बाबांनी दाढी केली, सभा आठवड्याने असताना. आईने माझे रिपोर्ट इस्त्री करून ठेवले. आणि आत्या व मामा, जे एरवी एकमेकांना पाण्यात पाहतात, दोघेही त्याच संध्याकाळी येऊन थडकले.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण, निवृत्त मुख्याध्यापिका. मामा लांब पल्ल्याच्या बसवर ड्रायव्हर.

आत्याने पर्स ठेवता ठेवताच सांगितलं, "पेशी माझ्या घ्यायच्या."

"कशाच्या पेशी, वन्सं?" आईने विचारलं.

"कशाच्या म्हणजे? पिशवीच्या! नवी पिशवी करायला बी लागणारच ना! ते चांगल्या घराण्यातलं नको? आमच्याकडे रात्री उठायची पद्धतच नाही. मी सबंध नोकरी मधल्या सुट्टीशिवाय खुर्ची सोडली नाही. इन्स्पेक्टर आला तेव्हा तर मधल्या सुट्टीतही नाही."

मामाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "ताई, खुर्चीत बसणं वेगळं. मी घाटातून बस नेतो. खड्डे असतात. बसमध्ये पन्नास माणसं, आणि प्रत्येक जण उतरून येतो, मी उतरत नाही. पिशवी हवी तर ती अशी, खड्डे खाल्लेली."

"ड्रायव्हर लोक कुठेही गाडी थांबवतात, मी पाहिलंय."

"टायर बघायला थांबवतो!"

बाबा आपले मध्ये उभे. आपली बाजू दुखवावी तर बहीण बसलेली, सासर दुखवावं तर बायको ऐकतेय. शेवटी त्यांनी कारागिराचा तोडगा काढला. म्हणाले, "माल घ्यायच्या आधी मी ओढून बघतो. तसं करू. रविवारी दोघेही या."

पेशी कुणाच्या लागतात हे मला माहीत होतं. पण मला कुणी विचारलं नव्हतं, आणि आयती चाललेली करमणूक बंद पाडण्याइतकी मी वाईट नाही.

रविवारी जेवणं झाल्यावर पुढच्या खोलीत सामना सुरू झाला. आईने मोठ्या पातेल्यात लिंबू सरबत केलं होतं. नियम बाबांनी सांगितले. दोघांनी सारखे पेले प्यायचे, उठायचं नाही, पाय हलवायचे नाहीत. पंच म्हणून आपणही बरोबरीने पिणार असं ते म्हणाले आणि पहिल्याच तासात "दुकानाचं कुलूप बघून येतो" म्हणून गेले ते बऱ्याच वेळाने, अगदी प्रसन्न चेहऱ्याने परत आले.

आत्या सोफ्यावर ताठ बसली होती. मामा समोरच्या खुर्चीत, दोन्ही हात पुढे, जणू स्टिअरिंग धरलंय. पेल्यामागून पेले जात होते. आत्या राजकारणावर बोलत होती, मग पावकी-निमकीवर आली, मग नुसतीच छताकडे बघायला लागली. मामाच्या कपाळावर घामाचे थेंब उभे होते. तेवढ्यात शेजारणीने तिच्या गच्चीवरची टाकी भरायला सोडली आणि पाण्याची धार आमच्या भिंतीमागून ऐकू यायला लागली. सोफ्याची स्प्रिंग बारीक आवाजात कुरकुरली.

"पाय हलला," मामा म्हणाला.

"स्प्रिंग हलली," आत्या दात आवळून म्हणाली.

माझी वेळ झाली होती. मी डबा घेतला, काठी घेतली आणि बाथरूममध्ये गेले. आमच्या घरात बाथरूम एकच आहे. मी हात धुतले, नळी काढली आणि माझ्या कामाला लागले. ह्या कामात घाई चालत नाही. लहानपणी आत्यानेच मला बजावलं होतं, सावकाश कर, कुणी कितीही ओरडो, आपण घाई करायची नाही.

बाहेर खुर्ची पडल्याचा आवाज आला. मग स्प्रिंगची किंकाळी. मग दारावर चार हात.

"अगं, झालं का?" आत्या.

"झालं का गं?" मामा.

"घाई करायची नाही म्हणून सांगितलंय मला आत्याने," मी आतून म्हणाले.

पुढे काय झालं ते नातेसंबंध टिकावेत म्हणून सांगत नाही. शेजारीण भली बाई आहे, तिने दोघांनाही दार उघडलं, पण आधी कुणी घुसलं हे ती आजवर सांगत नाही. सामना बरोबरीत सुटला, असं बाबांनी जाहीर केलं.

आमच्या मंडळाची सभा एका व्यायामशाळेच्या तळमजल्यावर भरते, कारण वरच्या हॉलला लिफ्ट नाही. त्यामुळे चाकाच्या खुर्च्या आणि कुबड्या टेकवलेल्या असतात त्या लोखंडी वजनांना, आणि भिंतीवर फुगलेल्या दंडांचे फोटो. आम्हाला आता त्यांचं काही वाटत नाही.

शास्त्रज्ञबाई आल्या तेव्हा आम्हाला त्या त्यांच्या मदतनीस वाटल्या. विशीतून नुकत्याच बाहेर पडलेल्या. डोळ्यांखाली काळं, केस कागदाला लावायच्या रबराने बांधलेले. बाबा माझ्या कानात म्हणाले, "एवढीशी पोर पिशव्या करते?" पण त्यांचा आवाज आदराने भरला होता.

त्यांनी पडद्यावर चित्रं दाखवली. साचा कसा करतात, त्यावर पेशी कशा लावतात, त्या उबेत कशा ठेवतात, आणि पेशी वाढल्या की साचा हळूहळू विरघळून कसा जातो. बाबांचा हात तत्काळ वर गेला.

"म्हणजे अस्तर विरघळतं?"

बाई थबकल्या. "हो, म्हणजे, तसंच म्हणता येईल."

"आणि वरचं कापड आपल्या बळावर उभं राहतं. वा! आणि शिवण कुठे येते? आमची बॅग फाटते ती नेहमी तोंडाच्या कोपऱ्याला."

"आमचंही काम तिथेच अडतं," बाई म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच हसल्या. बाबांनी सगळ्या सभेकडे वळून पाहिलं. एवढा ताठ मानेने बसलेला माणूस मी त्या व्यायामशाळेतल्या फोटोंमध्येही पाहिलेला नाही.

मग प्रश्नांची झुंबड उडाली. मंडळातल्या रंगारीकाकांनी गॅरंटी किती म्हणून विचारलं. कुणी म्हणालं, थंडीत आकसते का? एका लहान मुलीच्या आईने विचारलं, शाळेची सहल आहे, त्याच्या आत होईल का? तिच्यावर कुणी हसलं नाही. आम्ही सगळेच कुठल्या ना कुठल्या सहलीला थांबलेलो आहोत.

मग मामा उभा राहिला. "पेशी काढायला कुठे यायचं? मी सकाळपासून उपाशीपोटी आहे."

"मी तर आठवडाभर तिखट सोडलंय," आत्या तिसऱ्या रांगेतून म्हणाली.

बाईंना आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा त्या फार मऊ आवाजात म्हणाल्या, "पेशी ज्याची पिशवी, त्याच्याच घेतात. बाहेरच्या लागत नाहीत."

"हिच्याच? हिला माहीत होतं?" मामाने माझ्याकडे बोट केलं. मी होकारार्थी मान हलवली. मामा मटकन खाली बसला. आत्याही बसली. मग थोड्या वेळाने मामाने खिशातून एक केळं काढलं, सोललं, अर्धं मोडून मागे आत्याला दिलं, आणि आत्याने ते मुकाट्याने खाल्लं. माझ्या जन्मापासून असा देखावा घरात झाला नव्हता.

सगळं विचारून झालं होतं. एक प्रश्न मात्र कुणीही विचारत नव्हतं. मला तो माहीत होता, उत्तरही माहीत होतं, कारण मी माझ्या डॉक्टरांना ते पूर्वीच विचारलं होतं. घरी मी कधी बोलले नाही, कारण बाबांसमोर त्या विषयाची सुरुवातच होत नसे. ते मशीनवरच्या बातमीकडे बघत आणि माझं तोंड बंद होई. पण आज महिनाअखेर दोन पावलांवर होती. मी ठरवलं, विचारायचं. काठी टेकली, उठायला लागले.

तेवढ्यात बाबाच उभे राहिले. त्यांनी दोन्ही हातांनी समोरची खुर्ची धरली.

"बाई, एक विचारतो. मी बॅगवाला माणूस आहे, चुकलं तर सांगा. तुम्ही पिशवी नवी कराल. मोठी कराल, मऊ कराल. चांगलीच कराल, तुमचा हात दिसतोय. पण माझ्या मुलीची नुसती पिशवी खराब नाही. पिशवी उघड म्हणून सांगणारं कुणी नाही. ती जी नस आहे, कण्यातली. तर पिशवी नवी आली, तरी ती उघडणार कोण?"

बाईंनी हातातला रिमोट टेबलावर ठेवला.

"नळीच," त्या म्हणाल्या. "नस आम्हाला अजून जमत नाही. नवी पिशवी मिळाली तर आतला दाब कमी होईल, किडन्या वाचतील, ते फार मोठं काम आहे. पण तेही सगळ्यांपर्यंत कधी पोचेल ते मी आज सांगू शकत नाही. आणि नळी तेव्हाही राहील."

"राहील," बाबा म्हणाले.

"हो. मला तुम्हाला खोटं सांगायचं नाही."

"नाही, नाही. बरं केलंत." बाबा खाली बसले. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांना कुणी काही नवीन सांगितलं आहे असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत नव्हतं. बाबांना हे माहीत होतं. बॅगा शिवणाऱ्या माणसाला ते कळलं नसेल असं मी समजत होते, म्हणजे मीच बावळट. आम्ही बापलेक इतकी वर्षं एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत होतो.

आई पदराने डोळे पुसत होती. आणि अशा वेळी, कुठल्याशा पिशवीतून, एक कोंबडा आरवला.

तो रंगारीकाकांच्या पोराचा गजर होता. त्याच्या पाठोपाठ बासरी वाजली, मग घंटा, मग कुणाच्या तरी फोनमधून लष्करी बँड. आमची सगळ्यांची पिशव्यांची वेळ जेवणावरून ठरते आणि सभेआधी आम्ही सगळे एकत्र जेवलो होतो. बघता बघता सगळी व्यायामशाळा वाजायला लागली. माझाही फोन वाजला, आणि शेजारी बसलेले बाबा सवयीने म्हणाले, "झालं का?"

मी हसले. मग आई हसली. मग सगळा हॉल. हसत हसतच लोकांनी खुर्च्या वळवल्या आणि बाथरूमसमोर रांग लागली, ज्यांना दम धरवत नाही ती लहान मुलं पुढे, आमच्यासारखे मुरलेले मागे.

शास्त्रज्ञबाई रांगेशी येऊन उभ्या राहिल्या. दमलेल्या दिसत होत्या. त्यांनी माझ्या हातातल्या डब्याकडे पाहिलं, मांजराच्या पिल्लांकडे पाहिलं आणि जरा लाजत म्हणाल्या, "एक मिळेल का? सकाळपासून काही खाल्लं नाही."

मी झाकण उघडून पुढे धरलं. बाईंनी आत पाहिलं. पॉलिशवाल्यासारखा त्यांचा चेहरा पडला नाही. त्या मोकळेपणी हसल्या, आणि मग सहज, अगदी सहज म्हणाल्या, "पण हे असं पत्र्याच्या डब्यात का? तुमचे वडील बॅगा करतात ना?"

बाबा मागेच होते. त्यांनी ते ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला डबा सापडेना. सगळं घर पालथं घातलं. शेवटी खाली दुकानात गेले, तर बाबा कापायच्या टेबलाशी उभे. स्वच्छ कापड अंथरलेलं, त्यावर माझ्या नळ्या पाकिटांसकट ओळीने मांडलेल्या, आणि बाबा टेपने त्यांचं माप घेत होते.

"ये," ते वर न बघता म्हणाले. "हात पुसायचं कुठे ठेवतेस? वेगळा कप्पा लागेल. वापरलेलं टाकायला एक, आतून रबरी कापडाचा. आणि परक्या बाथरूममध्ये ही अडकवतेस कशाला?"

"कशालाच नाही. डबा मांडीवर ठेवते. पडतो कधीकधी."

"पडतो," बाबा म्हणाले. त्यांनी कागदावर एक पट्टा काढला. "मग गळ्यात अडकवायचा पट्टा. आणि एका हाताने उघडली पाहिजे. दुसऱ्या हातात काठी असते तुझ्या." त्यांनी डोळे मिटले, एक हात पाठीमागे धरला आणि हवेतली चेन एका हाताने उघडून पाहिली. मग पुन्हा. मग विचारलं, "तिथल्या बाथरूमला आतून कडी आहे ना नीट?"

"कुठल्या?"

"त्या लॅबच्या मागच्या खोलीच्या. कुठल्या म्हणजे?"

"बाबा, मी जाऊ म्हणताय?"

"मी कुठे काय म्हणतोय? मी बॅग करतोय." बाबा वळले, फळीकडे गेले. खालच्या फळीवर कॅनव्हास होतं, वरच्यावर चामडं. त्यांचा हात कॅनव्हासवर गेला आणि तिथेच थांबला. "कॅनव्हासची केली तर हलकी होईल. चार-पाच वर्षं आरामात जाईल. चामड्याची केली तर..."

"चामड्याची करा, बाबा," मी म्हणाले.

ते फळीकडे तोंड करून उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते. मी काठी टेकत गेले आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मीही रडले, लपवायचं काही उरलंच नव्हतं. मग बाबांनी बाहीला नाक पुसलं, वरच्या फळीवरची सगळ्यात चांगली गुंडाळी खाली ओढली, जी ते कुठल्याच गिऱ्हाइकाला दाखवत नसत, आणि टेबलावर पसरली.

कात्री हातात घेऊन ते थांबले. मशीनवरच्या त्या चहाच्या रंगाच्या बातमीकडे त्यांनी पाहिलं.

"पण समज," ते म्हणाले, "त्या पोरीने उद्या नसेचंही जमवलं. हुशार आहे ती. नळी सुटली तुझी. मग एवढ्या बॅगेचं काय करशील?"

"बिस्किटं नेईन."

बाबांनी विचार केला. कात्री खाली ठेवली, टेप पुन्हा उचलली.

"मग जरा मोठी करतो," ते म्हणाले.